आधी कान, मग शेपटी

सुनंदा अजित पाटणे,

पत्नीला असे संपूर्ण नावाने संबोधणे तुला हास्यास्पद वाटले असते. परंतु आज लिहायचे आहे ते घरातले नसून आपल्या प्राणिगृहातले आहे. सार्सची साथ ओसरल्यानंतर महाविद्यालयात ते उंदीर आले. साध्या उंदराला सार्सचा कोरोना विषाणू फारसा बाधत नाही, म्हणून त्यांच्यात माणसाचे एक जनुक घातलेले होते. विषाणू कोल्हापुरात कधीच आला नाही. आपण केवळ पैदास करावयाची आणि जनुक उतरलेली पिल्ले निवडून परगावच्या बंदिस्त प्रयोगशाळेस पाठवावयाची. तू प्रमुख होतीस, मी तात्पुरत्या नेमणुकीवरचा तुझा सहायक.

"म्याडम, ह्यो बी पांढरा, त्यो बी पांढरा. माणूस कुठल्यात हाय?" पिंजरे धुणारे मामा विचारत. "मामा, कान बघा की," तू म्हणायचीस. आधी कानाला खूण, मग तपासणीसाठी शेपटीचे टोक, हा तुझा नियम. तू रजेवर असताना एके दिवशी मी नऊ पिल्लांच्या शेपटीची टोके आधी घेतली, कानांना खुणा न करताच. फोन वाजला म्हणून उठलो. परतलो तेव्हा नऊही पिल्ले एकमेकांत मिसळली होती. पुन्हा टोके घेतली असती तर तुला कळले असते. तपासणीचा निकाल आल्यावर मी अंदाजाने कान टोचले आणि जनुकाची म्हणून त्यातली पिल्ले प्रयोगशाळेस पाठवली.

पुढे प्रयोगशाळेतून बातमी आली की नवे औषध दिलेले बहुतेक उंदीर जगले. "मामा, पेढे आणा! कोल्हापूरच्या उंदरांनी नाव काढलं," तू म्हणालीस. "आणतो की! पर उंदरास्नी बी द्या म्हंजे झालं." माझ्या वाट्याचा पेढा मी मामांच्या हातावर ठेवला. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मी तुला सांगितले.

तव्यावर पोळी करपते आहे. "किती पिल्लं?" "नऊ." "अहो, जनुक नसेल तर ती आजारीच पडणार नाहीत. तिकडे श्रेय औषधाला देतायत!" "उद्या मी कळवतो." "उद्या पुढचा प्रयोग मांडतील. उद्या नाही." फोन तूच लावतेस. "खुणा करताना चूक झाली. माझ्या हातून," असे तू म्हणतेस. मी रिसीव्हरसाठी हात पुढे करतो, तू मान हलवतेस, आणि मी हात मागे घेतो. फार लवकर घेतो.

तुझे प्रमुखपद गेले. माझी नेमणूक कायम झाली. तुझ्या शोकसभेत एक वक्ते "ती एक चूक वगळता" असे म्हणाले, तेव्हा मी पहिल्याच रांगेत बसलो होतो.

हे पत्र कोठेही जाणार नाही. आज प्राणिगृह कायमचे बंद झाले. लिपिकाने जुनी नोंदवही पुढे केली. "सर, काय दुरुस्ती ऱ्हायली हाय का?" उघडलेल्या पानावर त्या नऊ पिल्लांच्या चुकीखाली तुझी सही होती. लेखणी माझ्या खिशात होती. मी "नाही" म्हणालो. दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या कार्यालयात परत केल्या.