बारशिंग्याचा झाला नंदी

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

पौष शुद्ध अष्टमी, फसली १३३४

तीर्थस्वरूप सौ. अक्काच्या चरणी धाकटा भाऊ मल्लिनाथ याचे शरणार्थ. इकडे सगळं ठीक आहे. माझा खोकला, म्हशीची लाथ आणि तुझ्या भावजयीचं तोंड ही तिन्ही नेहमीसारखी चालू आहेत. दाजींच्या गुडघ्याला आराम पडला का ते कळव. मागच्या पत्रात तू लिहिलंस की सोलापुरात थंडी फार आहे. केजच्या या माळावर येऊन बघ, मग थंडीला फार म्हणशील.

पत्र घाईने लिहितो आहे, कारण आपले बसवराज काका संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी सोलापुरात येत आहेत आणि उतरणार तुझ्याकडेच. (त्यांना धर्मशाळेत झोप लागत नाही, तिथे स्वयंपाक स्वतः करावा लागतो.) पाय धुऊन होण्याआधीच ते सांगायला लागतील की गोऱ्या साहेबाला बिस्कुटं चारून त्यांनी आपल्या मायची समाधी कशी वाचवली. मी तिथे होतो. झालं ते माझ्याकडून ऐक, आणि पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय घाबरू नकोस.

दिवाळीनंतर नव्या सडकेची मोजणी आपल्या शिवारात आली. एक गोरा इंजिनेर, त्याची मेम, एक खानसामा आणि साखळी ओढणारी माणसं, सगळ्यांचे तंबू आमराईत. या लोकांनी उभ्या ज्वारीतून साखळी नेली, चुन्याची रेघ मारली आणि तांबडं निशाण रोवलं ते कुठे, तर मायच्या समाधीवर, दगडी नंदीला टेकवून. म्हणजे सडक झाली की बाजारच्या गाड्या तिच्या डोक्यावरून जाणार. अक्का, ज्या बाईने जन्मभर कुणाला अंगणातून आडवं जाऊ दिलं नाही, तिच्या डोक्यावरून गाड्या. मला जेवण जाईना. मी उर्दूत अर्ज लिहवून वरच्या कचेरीत दिला. तिथल्या माणसाने तो वाचला, पुन्हा घडी घातली आणि ‘देखेंगे’ म्हणाला. (या एका शब्दावर सगळी रियासत चालली आहे.)

इथे काका पुढे झाले. काका एकदा चिंचेच्या गोण्या घेऊन सिकंदराबादेला गेले होते, हे तुला ठाऊक आहे, कारण ते न सांगता त्यांनी आजवर एक पंगत उठू दिलेली नाही. तिथे एका गोऱ्याच्या दुकानाच्या काचेला नाक लावून त्यांनी बिस्कुटं पाहिली होती. पाहिली, खाल्ली नाहीत. तेवढ्या नाक लावण्यावर त्यांची सगळी साहेबी विद्या उभी आहे. ते म्हणाले, बडा दिन येतो आहे, म्हणजे गोऱ्यांची दिवाळी. त्या दिवशी साहेबाला डाली, म्हणजे भेटीची टोपली, द्यायचा दस्तूर असतो. सगळं गाव टोपलीत पेरू आणि पेढे नेणार, आपण त्यांच्या घरचं खाणं नेऊ. मेमेचा मुंबईहून आलेला बिस्कुटांचा डबा बैलगाडीत फुटला आणि मुंग्यांनी त्यांचा बडा दिन आधीच उरकून घेतला, असं खानसाम्याने त्यांना सांगितलं होतं. ‘मेमसाबाचं तोंड गोड झालं की साहेबाची सडक आपसूक वाकडी होती बे,’ काका म्हणाले. मला ते पटलं नाही, पण बुडणारा माणूस काडी सरळ आहे की वाकडी हे पाहत नाही.

खानसामा आपल्या ओसरीवर येऊन बसला आणि कृती सांगू लागला. मैदा, साखर, लोणी, अंडं. अंड्याचं नाव निघताच काकूंनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि मग त्या उठून परसात जाऊन बसल्या. अंड्याच्या जागी दही घालायचं ठरलं. ‘दही से नहीं बनते,’ खानसामा म्हणाला. तुझी भावजय दाराआडून म्हणाली, ‘बनत्यात का न्हाई ते पीठ सांगल, तुमी कावून सांगता?’ मी सगळं ऐकून घेतलं तेव्हा मला कळलं की बिस्कुट म्हणजे शंकरपाळंच, फक्त तळायचं सोडून भाजायचं, चौकोन सोडून चित्र कापायचं आणि वरून साखरेचा रंग द्यायचा. एवढ्यासाठी ही माणसं समुद्र ओलांडून आली.

चित्रं कापायला पत्र्याचे साचे लागतात. खानसाम्याने कोळशाने जमिनीवर काढून दाखवली: एक चांदणी, एक टोकदार झाड, एक पंखवाली बाई आणि एक बारशिंगा. हे बारशिंगे त्यांच्या देवाची गाडी बर्फावरून ओढतात म्हणे. (बैल परवडत नसतील.) साचे करायचं काम काकांनी हरिबाला दिलं. हरिबा म्हणजे आपला कंदील आणि डबे सांधणारा, ज्याने सांधलेला डबा सांधा सोडून सगळीकडे गळतो. चांदणी त्याने केली. झाड केलं. पंखवाल्या बाईला त्याने साफ नकार दिला. म्हणाला, असली बाई रातच्याला सपनात आली तर जबाबदार कोण. बारशिंग्याच्या शिंगांना फांद्या काढता काढता पत्रा फाटला, म्हणून त्याने दोनच शिंगं ठेवली. चार बारीक पाय पिठातून निघताना तुटत होते, म्हणून जनावर खाली बसवलं. आणि मग लांबून बघून त्याने पाठीवर एक वशिंड चढवलं. मी विचारलं, हे कशाला? ‘वशिंड न्हाई तर गाढव दिसतंय की,’ तो म्हणाला. काकांनी साचा हातात घेऊन, डोळे बारीक करून, सिकंदराबादेत हुबेहूब असाच पाहिल्याची ग्वाही दिली.

भट्टी आपल्याकडे कुठली. तांब्याच्या पातेल्यात वाळू, वाळूवर थाळी, झाकणावर निखारे, असा काकांचा कारखाना परसात सुरू झाला. पहिला घाणा खालून कोळसा आणि वरून कच्चं पीठ असा निघाला. काका म्हणाले साहेब लोकांना असंच आवडतं. दुसऱ्या घाण्यात लोणी इतकं झालं की चांदण्या आणि झाडं पसरून एकमेकांच्या गळ्यात पडली आणि थाळीएवढं एकच बिस्कुट झालं. तेव्हा तुझ्या भावजयीने काकांच्या हातातून लाटणं काढून घेतलं (हे काका तुला सांगणार नाहीत). तिने लोणी कमी केलं, पिठाचा गोळा पहाटे उघड्या ओसरीवर ठेवून थंडीने घट्ट केला आणि मग कापला. कडा धारदार आल्या, रंग बदामी आला, वास तर असा सुटला की गल्लीतली माणसं उगीच आगकाडी मागायला येऊ लागली. ती माझी बायको आहे म्हणून सांगत नाही; बायको आहे म्हणूनच सांगणं जिवावर येत होतं.

मग नटवणं. तिने जात्यावर साखर दळली, वस्त्रगाळ केली, दुधात कालवली. थोडीत हळद, थोडीत पालकाचा रस, थोडीत केशर, आणि जिलेबीच्या फडक्यातून ती बारीक धार धरू लागली. खानसाम्याने सांगितलं होतं की झाडावर बर्फ काढा. बर्फ तिने पाहिलेला नाही, म्हणून झाडाचं तिने बाजरीचं कणीस केलं, दाण्यासकट. आणि बारशिंगा हातात आला तेव्हा तिचा हात पोळ्याच्या सवयीने चालला. पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, शिंगांना केशर. सगळे ओळीने सुपात वाळत ठेवले. परसात रुसून बसलेल्या काकू आत आल्या, सुपाकडे पाहिलं, चप्पल काढली आणि हात जोडले.

तेव्हा आम्हाला दिसलं. अक्का, ते सूपभर नंदी होते. बसलेले, वशिंडवाले, सजवलेले. त्यानंतर घरात एकालाही ते मोडवेना, चाखवेना, की झाकून ठेवायला वर पाटी घालवेना. मठातले स्वामी बोलावले. त्यांनी पुष्कळ विचार करून निकाल दिला की विधी झालेला नाही तोवर ते नुसतं पीठ आहे, खायला हरकत नाही. मी एक त्यांच्यापुढे केलं तर म्हणाले, मला गोड वर्ज्य आहे. (आदल्या दिवशी लग्नात त्यांची बुंदी मी मोजायची सोडून दिली होती.) काका म्हणाले, आपण कुठे खायचं आहे, खाणार ते गोरे.

बड्या दिवशी आम्ही आमराईत गेलो. काका फेटा बांधून पुढे, मी मागे, तुझी भावजय आणि काकू टोपल्या घेऊन, कारण मेमेला बायकांनीच द्यावं ही पण काकांचीच विद्या. मेमेने फडकं काढलं आणि तिचा चेहरा खरंच उजळला. चांदणी उचलली असती तर पुढचं काही झालं नसतं. तिने उचलला नंदी, आणि डोक्याकडून तोंडाकडे नेला. आम्ही चौघं एकदमच ‘न्हाई, न्हाई’ म्हणून पुढे झेपावलो. काकांनी तर तिचा हातच धरला.

साहेब खुर्चीतून उठला. जे खाणं घेऊन आले तेच ते खाऊ देत नाहीत, मग त्यात काय आहे, हे त्याला लगेच कळलं, आणि चुकीचं कळलं. खानसाम्याचा रंग उडाला. ‘साब बोलते, पहले तुम खाके दिखाव,’ तो काकांना म्हणाला. काकांच्या हातात नंदी दिला गेला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने काकांकडे. मग काका म्हणाले, ‘आज माझा सोमवार हाय.’ गुरुवार होता. मी पुढे होऊन एक चांदणी खाल्ली, एक कणीसही खाल्लं, पण साहेबाने बोट दाखवलं ते नंदीकडेच. मी तो ओठापर्यंत नेला, अक्का. मायसाठी नेला. आणि मायच्याच भीतीने तो आत जाईना. साखळीवाले जवळ सरकले. मला वाटलं आता समाधीही जाणार आणि आम्हीही जाणार.

तेव्हा तुझी भावजय पदर सारखा करून सरळ मेमेशी बोलली. ‘बाई, ह्यात जहर न्हाई. ह्यो आमचा नंदी हाय. तिकडं माझ्या सासूबाईच्या समाधीवर ह्योच बसलाय, तुमचं निशाण त्येच्याच अंगावर रवलंय. त्येला दातानं कसं तोडायचं?’ खानसाम्याने ते साहेबाला समजावलं. साहेब नंदी हातात घेऊन निघाला, मेम त्याच्यामागे, आम्ही त्यांच्यामागे. समाधीपाशी उकिडवा बसून त्याने हातातलं बिस्कुट दगडाशेजारी धरलं. दगड झिजलेला आहे, शिंग उडालेलं आहे, पण बसणं तेच. त्याला तो इतके दिवस बांधाचा दगड वाटत होता. (एवढं शिकून येतात आणि कोरलेला देव ओळखायला यांना शंकरपाळं लागतं.) मेम त्याला काहीतरी म्हणाली. ते खानसाम्याने आम्हाला सांगितलं नाही, पण साहेबाचे कान तांबडे झाले आणि त्याने स्वतःच्या हाताने निशाण उपटलं. मी रडलो. काका तुला सांगतील की माझ्या डोळ्यात चुना गेला होता. चुना नव्हता.

एवढं झाल्यावर काका घसा खाकरून साहेबाला म्हणाले, मेहेरबान, म्हणून तर मीच मुद्दाम नंदीचा साचा करवला. तेव्हापासून गावात हेच चाललं आहे आणि हरिबाही आता बिडी ओढत सांगतो की वशिंडामागे त्याचा विचार होता. काकांना दोन दिवस जेवू घाल, गड्डा दाखव आणि परत पाठव. दाजींना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
मल्लिनाथ

ता. क. सोलापुरात पत्र्याचे साचे चांगले मिळतात असं ऐकतो. एक चांदणीचा काकांबरोबर पाठव. खाणं म्हणून बिस्कुटात काही अर्थ नाही, पण परवा एक खाल्लं तर मला खोकल्यावर बरं वाटलं. जनावर कुठलंही पाठवू नकोस.

ता. क. दुसरा. निशाण उपटलं ते साहेबाने कुठेतरी रोवलं असणारच. खाली ओढा आहे, वर माळाचा कडा, मधे समाधीला लागून एकच सपाट तुकडा उरतो. तोच, आपल्या आप्पांनी तुला लग्नात चोळीबांगडीसाठी दिलेला. रेघ आता त्यातून जाते. साहेबाने विचारलं, हे वावर कुणाचं? काका फेटा सारखा करू लागले. मी सांगितलं, आमच्या अक्काचं हाय, मायसाठी दिलं म्हनती. तुला न विचारता बोललो. बदल्यात माझं विहिरीखालचं वावर तुझं झालं. हे तुझ्या भावजयीला मी अजून सांगितलेलं नाही, आणि दाजींना सांगायचं ते काका बोलायच्या आत तूच सांग. मी साहेबाच्या तोंडावर ‘दिलं’ म्हणालो आहे, अक्का. आता तू पण म्हण.