दुसरी सही

१२ मे १९९४, सांगवी
रजेचा तिसरा दिवस. कालचं वर्तमानपत्र आज मिळालं. उड्डाणानंतर विमानाच्या शेपटीतलं इंजिन फुटलं. विमान आमचंच.
वडिलांनी, आबांनी, विचारलं, "तुमच्या हँगरमधलं हाय का?"
"हो."
"तू तपासल्यालं?"
वर्तमानपत्राची घडी घातली.

१३ मे
बारामतीला जाऊन बूथवरून हँगरला फोन. इंजिनातली पात्यांची चकती, डिस्क, हवेतच फुटली, तुकडे आवरण फाडून बाहेर. शेपटीतल्या, सुकाणू हलवणाऱ्या तेलाच्या तीन हायड्रॉलिक लाइनींपैकी दोन तुटल्या, तेल गेलं. तिसरी वाचली म्हणून विमान उतरलं. एक हवाई सुंदरी इस्पितळात, बेशुद्ध.
त्यांनी इंजिनाचा नंबर सांगितला. मला लिहून घ्यायची गरज नव्हती, पाठ होता.

१४ मे, वरकुटे
चुलतबहिणीचं लग्न. चुलते तात्या पाहुण्यांना सांगत होते, "हिची सही झाल्याबिगर इमान उडत न्हाय."
एक पाहुणा : "मग आमच्या ट्रॅक्टरवर बी कर की बाय एक! दोन दिस झालं, हलंना."
सगळे हसले. मीही.
डिस्कला तडा आहे का, ते अंधाऱ्या खोलीत रंग लावून, निळ्या दिव्याखाली बघतात; तडा असला तर तिथे रंग चमकतो. आधी माझे वरिष्ठ देसाई साहेब, मग मी; दोघांची वेगळी सही. मार्चमध्ये या डिस्कच्या वेळी मी पोचले तेव्हा रंग पुसून झाला होता. साहेब म्हणाले, "मी बघितलंय, कर सही." पुन्हा लावा म्हणणं म्हणजे त्यांना खोटं ठरवणं. आमच्याकडे साहेबांना असं कुणी म्हणत नाही. शिवाय मला होळीसाठी इकडची एस.टी. गाठायची होती.
सही केली.

१५ मे
आबा : "तेलाच्या लाइनी तीन हुत्या म्हनतीस. मग एका दणक्यात दोन कशा गेल्या?"
"शेजारी शेजारी नेल्या होत्या. जागा कमी."
"लांब लांब न्यायच्या की."
सातवी शिकलेत. बरोबर बोलले.
सह्याही दोन होत्या, बघणारा मात्र एकच, हे सांगितलं नाही.

१७ मे
बारामतीच्या बूथवर देसाईंचा निरोप. देसाईंना फोन केला. "चौकशी होईल. दोघांनीही पाहिलं, एवढंच जबाबात लिही. तडा असलेला तुकडा सापडलेला नाही. माझी नोकरीची दोन वर्षं राहिलीत गं."
कदाचित त्या दिवशी तडा नव्हताच. असेलही. आता रंग लावून बघायला ती डिस्कच उरली नाही.

१९ मे
तार. सोमवारी चौकशी समितीपुढे हजर राहायचं. जबाबाचा मसुदा लिहायला बसले. "दुसरी तपासणी मी..." पुढे तीनदा खोडलं.
दुपारी आबांना सगळं सांगितलं. जसं झालं तसं, क्रमाने.
ते म्हणाले, "आन् ती इस्पितळातली पोरगी?"
"अजून शुद्धीवर नाही."
"तिच्या घरी कोन कोन हायती?"
माहीत नाही. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा विचारलं नाही.