चुकून सुटलेला छरा

अप्पा, परवा एका मुलीनं मला विचारलेला प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हा उत्तराची घाई नाही.

उणकलला तळ्याच्या अलीकडे आता घरंच घरं झाली आहेत. तिथल्या एका मंगल कार्यालयामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी संध्याकाळी मुलांना एअर रायफल शिकवते. हसू नका. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी विचारते, बंदूक हातात घ्यावीशी का वाटली? मला खरोखरच कुतूहल आहे. कुणी टीव्हीवर पदक पाहून येतं, कुणाला एनसीसीच्या कॅम्पात पाच गोळ्या झाडून चटक लागलेली असते. एक पन्नाशीच्या वकीलबाई आल्या, म्हणाल्या, घरात सगळे ओरडतात, इथं जरा शांत वाटतं. शिकारीसाठी म्हणून कुणी येत नाही, आणि आलं तरी सांगणार नाही. पण लहानपणी जत्रेत फुगे फोडले नाहीत असं मात्र कुणी अजून भेटलेलं नाही.

तुमची सुरुवात कशी झाली हे मी नीट विचारलंच नाही. कलघटगीकडच्या शाळेत तुमची पहिली नोकरी होती आणि तिथल्या एका म्हाताऱ्या गौडांनी तुम्हाला रानात नेलं, इतकंच ठाऊक. त्यांनी कन्नडमधून शिकवलं म्हणून तुम्ही मलाही कन्नडमधूनच शिकवलंत. घरात आपण मराठी, पण बंदूक खांद्याला लागली की तुम्ही "निधान, निधान" म्हणायचात, सावकाश, सावकाश, आणि श्वास मोजायचा तो "ओंदु, एरडु, मूरु" असाच. मी अजून तसाच मोजते. पहिले सहा महिने तुम्ही मला एक छरासुद्धा दिला नाहीत. रिकामी एअरगन, नळीच्या टोकावर चार आण्याचं नाणं, आणि शंभर मोजेपर्यंत ते पडता कामा नये. सप्तापूरच्या आपल्या घरात पुढच्या खोल्यांत विद्यापीठाची पोरं भाड्यानं राहायची. ती खिडकीतून विचारायची, "सर, लढाई कुणाशी हो?" तुम्ही म्हणायचात, "हिच्याच हाताशी."

आणि मग तो रविवार. मी चौदा वर्षांची आहे. केलगेरीच्या तळ्यामागं मातीचा बांध आहे, त्यावर आपण पावडरचे रिकामे डबे मांडले आहेत. तुम्ही पाठमोरे, स्कूटरच्या डिकीतून थर्मास काढताय. डब्यांच्या डावीकडं बाभळीच्या फांदीवर एक होला येऊन बसतो, मान फुगवतो. ओंदु, एरडु, मूरु.

तो पडल्याचा आवाज फार लहान होता. खरं सांगू? त्या क्षणी मला आनंद झाला होता, भीती नंतर वाटली. तुम्ही वळलात, आधी माझ्याकडं बघितलंत, मग बाभळीकडं. मी म्हणाले, "चुकून सुटला, अप्पा." बोलणी टाळायला म्हणाले, दुसरं काही नाही. शिकारीवर कायद्यानं बंदी आल्यापासून तुम्ही स्वतः एका पाखरावर बंदूक रोखली नव्हती. मला वाटलं, आता कानाखाली बसणार.

तुम्ही बाभळीखाली गेलात. होला रुमालात गुंडाळलात, घरी आणून परसात सीताफळाखाली पुरलात. जेवताना आईला म्हणालात, "पोरीला काही बोलू नको. चुकून छरा सुटला, तर ती शिकवणाऱ्याची चूक. तीस वर्षं भूमिती शिकवली, हे काही मला शिकवता आलं नाही बघ." मी ताटात बघत बसले. मुद्दाम मारला म्हणाले असते, तर तुम्ही मला झोडपलं असतंत आणि पुढच्या रविवारी पुन्हा नेलं असतंत. तेव्हा हे कळण्याचं माझं वय नव्हतं, असं मी स्वतःला सांगते.

त्यानंतर रविवारी स्कूटर तळ्याकडं निघाली नाही. मग निवडणूक आली. तुमची परवान्याची दुनळी बंदूक दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा व्हायची, सगळ्यांचीच व्हायची. तुम्ही ती जुन्या सतरंजीत गुंडाळून न्यायचात आणि निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळीच ठाण्याच्या दारात हजर. खंडेनवमीला तिला हळदकुंकू, झेंडूची माळ. त्या वर्षी निकाल लागला आणि तुम्ही गेला नाहीत. आईनं विचारलं, "आणायची नाही का हो?" तुम्ही म्हणालात, "राहू दे तिकडंच." परवानाही संपू दिलात. त्या खंडेनवमीला तुम्ही स्कूटर आणि फळ्यावरचा लाकडी कंपास पुजलात. मी माळ ओवून दिली होती.

मला आजही कळत नाही, तुम्ही खरंच फसला होतात का? सहा महिने नाणं न पाडलेल्या पोरीचा छरा चुकून सुटतो आणि डबे सोडून थेट होल्याच्या छातीत जातो, हे भूमितीच्या मास्तरांना पटलं कसं? की पटलं नव्हतं, आणि माझं खोटं बोलणंही तुम्ही स्वतःच्याच चुकीत धरलंत? एकदा मी आईला विचारलं. ती म्हणाली, "त्यांनाच विचारायचं होतंस की गं."

परवाची मुलगी तेरा वर्षांची आहे. नळीच्या टोकावर नाणं ठेवून उभी होती. माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला मी नाणं देतेच. ते न पाडता तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही पहिल्यांदा काय मारलं?" शेडमधली सगळी मुलं वळून बघायला लागली. हा कागद मी छऱ्यांच्या डब्यात ठेवणार आहे, तिथं माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी म्हणाले, "पावडरचा डबा."