अकरा अल्पाका, दर नगामागे नऊ मिनिटं

४ ऑक्टोबर
बाबांचे गुडघे गेले. ते आता ताईकडे शहरात राहणार. अट घातली आहे: सर्व संतांच्या सणापर्यंत, म्हणजे १ नोव्हेंबरपर्यंत, अकराही अल्पाकांची लोकर मी कातरली तर कळप माझा. नाहीतर चुलतभाऊ फ्रेदीचा. मी त्यासाठीच कारखान्यातली नोकरी सोडून डोंगरावर परत आले आहे, त्यामुळे हरण्याचा प्रश्न नाही. विजेची कात्री मागवली. दर नगी नऊ मिनिटं. चहासकट दोन तास.
बाबा म्हणाले, "नग काय म्हणतेस? नावं आहेत त्यांना."

९ ऑक्टोबर
शेजारच्या एउसेबियाकाकूंकडे कातरणी. आमच्याकडे अशा वेळी घरटी एक माणूस जनावरांचे पाय धरायला जातं, मग ते आपल्याकडे येतात. मी कात्रीची पाती जुळवत होते. माझ्याऐवजी दोन किलो साखर पाठवली. काकूंनी ठेवून घेतली. व्यवहार पूर्ण.

१३ ऑक्टोबर
काल सातुर्निनोमामा, आज फ्रेदी. दोन्हीकडे साखर. फ्रेदी कुंपणावरून ओरडला, "काय इंजिनीअरबाई, गावाला मधुमेह करायचा बेत आहे का?"
मत्सर.

२१ ऑक्टोबर, दुपार
सराव. मिस्कीला निवडलं, कारण तिला मी बाटलीनं दूध पाजून वाढवलं आहे. विश्वासाचं नातं. कात्री सुरू होताच ती माझ्या तोंडावर थुंकली. हिरवं. डाव्या बाजूची लोकर निघाली. उजवी बाजू तिच्यासकट डोंगरावर गेली.
कात्रीत दोष नाही. तोंड तीनदा धुतलं.

२७ ऑक्टोबर
आमच्या कातरणीचा दिवस. पंधरा माणसांचं सूप शिजवलं. सात वाजता कोणी नाही. आठ वाजता कोणी नाही. नऊला काकूंची सून आली. हातात दोन किलो साखर. "सासूबाईंनी विचारलंय, पुरेल ना?" मग मामांकडून दोन किलो. शेवटी फ्रेदी स्वतः आला, पुडी भिंतीवर ठेवली, म्हणाला, "हिला पाय धरायला लाव," आणि गेला.
विश्वासघात. तिघांनीही, ठरवून. वजनसुद्धा तेवढंच.
बाबांनी खुर्चीत बसून दोराचं एक टोक धरलं. दुसरं मी खांबाला बांधलं. जनावरानं खांबच उपटला.

३१ ऑक्टोबर
तीन पूर्ण, मिस्की अर्धी. म्हणजे बत्तीस टक्के. एकट्या माणसासाठी आकडा चांगला आहे. बाबांना विचारलं, माझी साखर लोकांनी निमूट घेतली, मग आता हे काय? ते सूप पीत म्हणाले, "पाहुण्याची साखर घेतात, पोरी. शेजाऱ्याचे हात लागतात."
मी पाहुणी नाही, हे त्यांना सांगितलं. त्यांनी आणखी सूप मागितलं. सूप भरपूर आहे.

२ नोव्हेंबर
फ्रेदी कळप घेऊन गेला. मिस्की निदान फाटकाशी थांबेल असा माझा अंदाज होता. ती सर्वांत पुढे होती. मला फक्त कातरलेली बाजू दिसली. कापणी एकसारखी होती.

६ नोव्हेंबर, सकाळी सहा
फ्रेदी आज उरलेले कातरणार. घरटी एक माणूस, असा निरोप आला. मी जाते आहे, केवळ पद्धत पाहायला. मला मिस्कीचे मागचे पाय दिले आहेत.
निरोपात एवढंच आणखी होतं: साखर आणू नकोस.