सणाच्या खरेदीची कवायत

सौ. वहिनींस,

तुमच्या धाकट्या दिराचा पाय जुळवून, मान ताठ ठेवून नमस्कार. (वाकूनच करणार होतो, पण कमरेत उसण भरली आहे. ती का भरली ते पुढे येईलच.) इकडे आम्ही सगळे मजेत. लेक कामासाठी परगावी गेली आहे, ती सणाला येऊन पोचेल; तोवर तिच्या वाटची कामं जावई करतो आहे आणि तक्रार करत नाही, कारण सासऱ्यापुढे तक्रार करण्याइतका तो अजून जुना झालेला नाही. तुमचं मनगट कसं आहे? प्लास्टरच्या आत खाज सुटली की तुम्ही विणायची सुई घालता असं दादाकडून कळलं. घालू नका. तेवढ्या बाबतीत तरी माझं ऐका. आयुष्यभर पोरांची मोडलेली हाडं दवाखान्यात पोचवली आहेत मी.

पत्र लिहितोय याचं नवल वाटेल. फोन केला की तुम्ही दुसऱ्याच वाक्याला "भाऊजी, राहू द्या" म्हणता आणि माझं बोलणं तिथेच मरतं. पत्रात तशी सोय नाही. तर त्या दिवशी दादा सांगत होता की यंदा सणाचं जेवण नको असं तुम्ही म्हणता, आणि यंदाच काय, आता यापुढेही नको. हात चालत नाही, उगाच किती ओढायचं. वहिनी, माझ्या हातातला चहा हातातच राहिला. वर्षातून एकदा आपण सगळं घराणं एका टेबलाशी बसतो, भांडतो, पोटाला तडस लागेपर्यंत खातो, आणि ते बंद? मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं की यंदाचं जेवण आमच्याकडे. दादानं आधी आपला चहा संपवला. मग म्हणाला, "घरात विचारलंस का?" आता आनंदाच्या भरात माणूस काय काय विचारत बसणार?

मग मी तयारीला लागलो, आणि खरं सांगतो, निवृत्तीनंतर इतका उत्साह अंगात आला नव्हता. तुम्हाला ठाऊकच आहे की मी कवायतीचा मास्तर. शाळेच्या मैदानावर पाचशे पोरं एका शिट्टीवर वळवलेला माणूस. सणाच्या खरेदीत लोकांची जी फजिती होते, ती केवळ रांगेत चालायची सवय नसल्यामुळे होते, हे माझं जुनं मत. एक जण कांद्यांकडे, दुसरा साखरेकडे, तिसरा दुकानाबाहेर कुणा ओळखीच्याशी गप्पा मारतोय. म्हणून मी दिवाणखान्यातली फरशी पुसून तिच्यावर खडूनं आख्खा बाजार काढला. सोफा म्हणजे वाणी, तिपाई म्हणजे भाजीवाली, कुंडी म्हणजे दूध डेअरी. बायकोकडे भाजी, जावयाकडे जड सामान, माझ्याकडे हुकूम. एक आखूड शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे पुढे, एक लांब म्हणजे पिशवी उघडा. (बायको ग्रंथालयात नोकरी करते. तिनं ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे अशी नजर टाकली, की दुसरा कुणी असता तर पुस्तक परत करून निघून गेला असता.)

आणि कवायत म्हटली की सराव आला. रविवारी सकाळी आम्ही तिघं रिकाम्या पिशव्या घेऊन बाजारात गेलो. घ्यायचं काहीच नाही, फक्त जायचं, उचलायचं, ठेवायचं, पुढे सरकायचं. भाजीवालीपाशी सगळं छान चाललं होतं. तुम्ही दरवर्षी करता तो भरलेला भोपळा यंदाही हवाच, त्यामुळे जड माल खांद्यावर घेऊन कोपऱ्यापर्यंत जायला किती वेळ लागतो हे बघणं भाग होतं. मी दोन शिट्ट्या दिल्या. जावयानं तिच्या दुकानातला सगळ्यात मोठा भोपळा खांद्यावर टाकला आणि निघाला. त्याचं चालणं तुम्ही पाहायला हवं होतं. दुर्दैवानं ते भाजीवालीनंही पाहिलं. ती "अरे धरा त्याला" म्हणत मागे धावली, आणि कोपऱ्यावर गाठल्यावर तिच्या लक्षात आलं की हा तर आपला दातांचा डॉक्टर. जावयाचा दवाखाना त्याच रस्त्यावर आहे, वहिनी. तिची दाढ त्यानंच काढलेली आणि शेजारची काढायची बाकी. तिनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "डॉक्टर, दवाखाना चालत नाही का हो?" बिचाऱ्यानं लाजेकाजेस्तव तो भोपळा विकत घेतला. वर पोतंभर बटाटे घेतले, आणि गाजरं, आणि ढीगभर मटार. माझ्या सरावाचा नियम तिथेच मोडला. पण माणूस नवा आहे म्हणून मी काही बोललो नाही.

वाण्याकडे मात्र माझी काही चूक नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. आमचा वाणी माझा जुना विद्यार्थी. आम्ही त्याला डुलकी म्हणायचो, कारण पोरगा कवायतीच्या तासाला उभ्याउभ्या झोपायचा. आता पोट सुटलंय, टक्कल पडलंय, नातवंडं झाली आहेत. तो कुणाला तरी साखर तोलून देत होता. मी दारातून आत पाऊल टाकलं आणि सवयीनं एक आखूड शिट्टी मारली. वहिनी, डुलकी ताडकन सावधानमध्ये उभा राहिला. हातातल्या मापातली साखर गिऱ्हाइकाच्या चपलांवर. मी त्याला नीट सांगितलं की बाबा, हा नुसता सराव आहे, मी फक्त सामान म्हणून दाखवतो, तू काही बांधू नकोस. मग तांदळापासून लोण्यापर्यंत सगळं मैदानावरच्या आवाजात म्हणून दाखवलं. तो प्रत्येक जिनसाला "होय सर" म्हणत होता. मला वाटलं, पोरगा सुधारला. पण जो शाळेत ऐकत नव्हता तो आता तरी कुठून ऐकणार? संध्याकाळी त्याची हातगाडी आमच्या दारात. सगळा माल, आणि सरांसाठी म्हणून तेलाचा एक डबा वरचा. परत पाठवायला निघालो तर गाडीवाला काकुळतीला आला. मालक रडेल म्हणाला. मग तो डबा उतरवायला मी स्वतः वाकलो, आणि कमरेची हकीकत तिथे घडली.

माल आत घेतोय तोच बायको कपाटासमोर उभी. मी म्हटलं, बाजूला हो, इथे तांदूळ ठेवायचाय. तिनं कपाट उघडलं. आत तांदूळ. साखर, लोणी, सुका मेवा, सगळं. खाली, अगदी ऐटीत, एक भोपळा. माझ्या फौजेवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून मी फरशीवर खडूनं बाजार काढत असतानाच ती कामावरून येताना रोज थोडं थोडं आणत होती. तर आजची परिस्थिती अशी, की बटाटे न्हाणीघरात आहेत, भोपळ्यांपैकी एक सोफ्यावर बसलाय (तिथे वाणी होता, म्हणजे जागा चुकलेली नाही), आणि जी खरी खरेदी आम्ही बुधवारी करणार होतो, ती करायला काही उरलंच नाही. मला त्याचं थोडं वाईट वाटलं. पण घरात पाऊल ठेवायला जागा नाही आणि मला इतका आनंद झालाय की मी जागोजागी ठेचकाळत हिंडतोय.

कारण सांगतो. दरवर्षी तुम्ही वाढत राहता. आमचं सगळ्यांचं उरकतं, आम्ही हात पुसून पानसुपारीच्या गप्पांना बसतो, आणि तुम्ही ओट्याशी उभ्यानं गार झालेलं जेवता. मला या वर्षी तुम्हाला बसून, गरम गरम, दुसऱ्यांदा मागून घेताना बघायचंय. एवढ्यासाठी हा खटाटोप. दादाला नमस्कार. तुम्ही यायचंच.

तुमचा दीर

ता. क. येताना तुमचं मोठं पातेलं दादाच्या हातात द्या. आमच्या एकाही भांड्यात तो भोपळा मावत नाही.

ता. क. पाकीट चिकटवताना बायकोनं विचारलं, की हे सगळं शिजवणार कोण. मी समजत होतो ती. ती समजत होती, ज्यानं आमंत्रण दिलं तो. जावई समजत होता की जेवण बाहेरून येणार आहे आणि सामान नुसतं सरावासाठी आहे. तेव्हा वहिनी, दोन दिवस आधी येता येईल का?

ता. क. वरचं वाचून बायकोनं माझी खरडपट्टी काढली. हात मोडलेल्या बाईला विश्रांतीला बोलावून तिलाच चुलीपाशी उभं करतोस का म्हणाली. बरोबर आहे तिचं. म्हणून असं करू. दोन दिवस आधी याच, पण स्वयंपाकघरात तुमच्यासाठी खुर्ची मांडतो, तीवरून उठायचं नाही. पिठात हात मी घालीन, कांदे जावई चिरेल. सोबत शिट्टी पाठवतोय. एक आखूड म्हणजे गॅस बारीक करा, दोन म्हणजे ढवळा, एक लांब म्हणजे मास्तरांनी स्वयंपाकघराबाहेर जावं. ही शिट्टी मी नोकरीत असताना हेडमास्तरांच्याही हातात दिली नव्हती. परत करायची घाई करू नका. पुढच्या वर्षीही लागेल.