चिंधी बांधलेला दुधी

मंगळवार, १२ तारीख, सकाळ

चि. टिल्लूस,

ताईचा आशीर्वाद. पालिकेच्या खात्यात तुला साहेब म्हणत असतील, माझ्या लेखी तू टिल्लूच. गुडघे कुरकुरतात, बाकी मी ठणठणीत. तुझ्या बायकोचा खोकला गेला का?

आमच्या बागेची बातमी अशी. पाण्याच्या जुन्या टाकीमागे आम्ही बारा घरं भाजी लावतो, त्याला सहा वर्षं झाली. आधी तिथे फुटके कमोड आणि उंदीर होते, तेव्हा ती जागा कुणालाच नको होती. आता पालक, मुळा, वांगी येतात, तर म्हणे तिथे गाड्या उभ्या करायच्यात. पंधरा दिवसांत जागा मोकळी करा, अशी नोटीस लागली आहे. खालची सही ओळखीची वाटली. पहिल्यांदा ती मीच तुझ्याकडून गिरवून घेतली होती.

आमचा एक नियम आहे. प्रत्येक भाजीचं एक फळ, एक रोप बियाण्याला राखायचं आणि त्याला चिंधी बांधायची. घरात भाजीला काही नसलं तरी चिंधीला कोणी हात लावत नाही. चिंध्या माझ्याकडच्या, हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत तीस वर्षं काढली, फाटक्या चादरींना काय तोटा! यंदा एका दुधीला बांधली आहे. बी आईचंच. ती वाळका दुधी दारामागे खिळ्याला टांगायची, आणि तू रडलास की तोच तुझा खुळखुळा व्हायचा.

नमनाला घडाभर तेल झालं. पाहणीला तू टेप घेऊन आलास आणि माझ्याकडे बघून म्हणालास, "बाई, परवानगी कोणाची?"

मीही म्हटलं, "कोणाचीच नाही, साहेब."

तू गेल्यावर शेजारच्या वाफ्यातल्या शिंपीणबाईंनी विचारलं, "ओळखीचे होते का हो?"

"छे, कोण कुठला!" मी म्हणाले.

तुझी लाज तुझ्यापाशी. मला माझ्या बोलण्याची लाज वाटते आहे, तेव्हापासून घास गोड लागत नाही. शिवाय जाताना तू काय केलंस, तेही मी पाहिलं. चिंधी बाजूला सारलीस, दुधीवर टिचकी मारलीस आणि कान लावलास. आई लावायची तसा.

काल सगळ्यांना सांगून टाकलं, तो साहेब माझा सख्खा भाऊ आहे. शिंपीणबाई म्हणाल्या, "मग टाका की शब्द!" मी साफ नाही म्हटलं. भावाकडे भीक मागायला मी ही माती सुपीक केलेली नाही.

दुधी अजून ओला आहे, वाळायला महिना लागेल. तोवर आम्ही हलत नाही. बाराही घरं पाळीपाळीने बसणार आहेत.

वेल उपटायचाच असेल तर माणसं पाठवू नकोस. स्वतः ये. आधी सगळ्यांना ऐकू जाईल अशी मला ताई म्हणून हाक मार. मग लाव चिंधीला हात.

वाट बघणारी, पण जागा न सोडणारी,
तुझी ताई