जीभ न घासता

तीर्थरूप आईच्या पायांशी, काळाचौकीहून वैजू.

तुझा गुडघा कसा आहे? मी बरी आहे. पाळी जायच्या वेळचं सुरू झालंय, इतकंच. अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही. फोनवर बाबा शेजारी असतात, म्हणून लिहून कळवतेय.

हे म्हणतात, सगळ्याच बायका सोसतात. मी नाही सोसणार. माझगावला चिनी वैद्यक करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी दोन्ही हातांची नाडी पाहिली, मग जीभ बघितली आणि हसल्याच. जिभेवरच्या थरावरून त्या दुखणं ओळखतात, आणि मी तुझ्या शिस्तीत जिभलीने घासून लख्ख करून गेलेले! सोमवारी न घासता बोलावलंय. किळस आली तरी जाणार.

त्यांनी विचारलं, तुमच्या आईला या वयात काय व्हायचं? मग घरी येताना आठवलं. ऐन थंडीत तू पडवीत बसून पदराने वारा घ्यायचीस, आणि बाबा आम्हाला म्हणायचे, जवळ जाऊ नका, आई रागावलीय.

उत्तर तुझ्याच हातचं हवं. रागावली नव्हतीस ना गं तू?

तुझीच,
वैजू